शालेय भोजनातील सवलत : विद्यार्थ्यांच्या गरिबीचा निर्देशक

अमेरिकेतील एखाद्या शाळेत गरीब विद्यार्थी किती आहेत, याचे उत्तर अनेक दशके तेथील भोजन योजनेच्या नोंदींत शोधले जात आहे. दुपारचे जेवण मोफत किंवा सवलतीच्या दरात मिळण्यास पात्र असलेल्या विद्यार्थ्यांचे प्रमाण, हा शिक्षणविषयक संशोधनात आणि शाळांच्या निधीवाटपात वापरला जाणारा प्रचलित निर्देशक आहे.

या योजनेचा पाया १९४६ च्या राष्ट्रीय शालेय भोजन कायद्याने घातला. कुटुंबाचे उत्पन्न संघराज्याच्या दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असल्यास जेवण मोफत मिळते. १३० ते १८५ टक्क्यांदरम्यान असल्यास त्यासाठी कमाल ४० सेंट आकारता येतात. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षासाठी, अलास्का व हवाई वगळता, चार जणांच्या कुटुंबाची दारिद्र्यरेषा वार्षिक ३१,२०० डॉलर धरली होती. म्हणजेच ५७,७२० डॉलर उत्पन्नाच्या कुटुंबातील मूलही सवलतीस पात्र होते. त्यामुळे हा आकडा ‘दारिद्र्यरेषेखालील विद्यार्थी’ असा वाचणे चुकीचे ठरते. तो अल्प उत्पन्न गटाचा निदर्शक आहे.

उलट दिशेनेही त्रुटी संभवते. कुटुंबाने अर्जच न केल्यास गरजू मूल नोंदीबाहेर राहते. संकोचापोटी माध्यमिक शाळांतील मुले सवलत टाळतात, तेव्हा तेथील गरिबी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते.

२०१० च्या कायद्याने आणलेल्या आणि २०१४-१५ पासून देशभर खुल्या झालेल्या सामुदायिक पात्रता तरतुदीने हे मोजमाप आणखी बदलले. अन्नसाहाय्यासारख्या योजनांच्या नोंदींवरून थेट पात्र ठरणारे विद्यार्थी ठरावीक प्रमाणात असल्यास, शाळा अर्ज न मागता सर्वांनाच मोफत जेवण देऊ शकते. हे किमान प्रमाण २०२३ मध्ये ४० वरून २५ टक्क्यांवर आणण्यात आले. कॅलिफोर्निया व मेन या राज्यांनी २०२२-२३ पासून सर्व विद्यार्थ्यांना मोफत जेवण सुरू केले. उपाशी मुलांसाठी हा लाभच आहे. मात्र सर्वच विद्यार्थी मोफत जेवणाचे लाभार्थी म्हणून नोंदले गेल्यास अतिगरीब आणि तुलनेने सुस्थितीतील शाळा कागदावर सारख्याच दिसतात आणि अतिरिक्त निधी खऱ्या गरजूंपर्यंत पोहोचवणे अवघड होते. म्हणून अनेक राज्ये आता थेट पात्र विद्यार्थ्यांची संख्या आधारभूत मानतात.

भारतात पीएम पोषण योजनेचे भोजन शासकीय व अनुदानित शाळांत आठवीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना उत्पन्नाची अट न घालता दिले जाते. त्यामुळे येथील लाभार्थीसंख्येवरून गरिबीचे अनुमान काढता येत नाही.