आदर्श तणाचे बारा गुण

पुण्याच्या पडीक जागांवर एक अनोळखी रोप वाढताना दिसले ते १९५५ च्या सुमारास. १९५६ मध्ये आर. एस. राव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ‘पार्थेनियम’ची भारतासाठी नवी नोंद म्हणून माहिती दिली. कूळ सूर्यफुलाचे, मूळ गाव उष्ण कटिबंधातली अमेरिका, पाने गाजरासारखी चिरलेली. ओळख पटली. पण हे रोप पुढे काय उत्पात करणार, हे त्या ओळखीवरून कळण्याची सोय नव्हती. काही दशकांतच गाजर गवत देशभर पोचले. लोकांनी त्याचे खापर पीएल ४८० या अन्नमदतीच्या करारातून आलेल्या अमेरिकी गव्हावर फोडले. भारताचा तो करार ऑगस्ट १९५६ चा, म्हणजे रोप त्याच्याही आधीचे. अर्थात १९५१ पासूनच अमेरिकी गहू उसनवारीवर येत होता, त्यामुळे गव्हाची निर्दोष सुटका करता येत नाही.

वनस्पतीचे नाव-गाव कळले तरी तिचा स्वभाव कळतोच असे नाही. तिच्या बीच्या वजनावरून, पानाच्या जाडीवरून, पहिल्या फुलाच्या वेळेवरून ती परक्या मुलखात कशी वागेल हे सांगता येईल का, हा प्रश्न डार्विनपर्यंत मागे जातो. त्याने ८७ जातींच्या बिया खाऱ्या पाण्यात घालून ठेवल्या आणि २८ दिवसांनंतरही त्यांतल्या ६४ जातींच्या बिया उगवल्या. समुद्र ओलांडण्याची ताकद बीच्या अंगात किती, हे त्याला मोजायचे होते. ‘ओरिजिन’मध्ये (१८५९) त्याने एक गणितही मांडले. आसा ग्रे यांच्या ग्रंथात उत्तर अमेरिकेत रुळलेल्या २६० परक्या वनस्पती होत्या. त्या १६२ प्रजातींमध्ये मोडत होत्या आणि त्यांपैकी किमान १०० प्रजाती तिथे मुळात नव्हत्याच. डार्विनचा निष्कर्ष असा की, स्थानिकांपेक्षा वेगळा असलेला पाहुणा जास्त टिकतो, कारण भाऊबंदकी जवळच्यांतच सर्वांत तीव्र असते. मात्र जवळच्या नातलगाला तिथली हवा-माती आधीच मानवलेली असते, असा उलट तर्कही त्याच्याच लिखाणातून निघतो. या दोहोंतला वाद आजही मिटलेला नाही.

डेन्मार्कच्या राउंकिएर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वनस्पतींची वेगळीच विभागणी केली. कूळ बाजूला ठेवून त्यांनी एवढेच पाहिले की, वाईट ऋतूत झाड आपले कोंब कुठे जपते. उंच फांदीवर, जमिनीलगत, मातीत, की सगळे सोडून फक्त बीमध्ये? नात्याऐवजी कामावरून झाडांचे गट पाडण्याची ही सवय पुढे फार उपयोगी पडली. चार्ल्स एल्टन यांचे परक्या जीवांच्या आक्रमणांवरचे १९५८ चे गाजलेले पुस्तक रेडिओवरच्या भाषणांतून उभे राहिले, पण त्यांची नजर आक्रमकापेक्षा आक्रमण झालेल्या जागेवर अधिक होती.

तणाच्या स्वभावाला थेट हात घातला तो हर्बर्ट बेकर यांनी. हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ पश्चिम आफ्रिकेत काम करून कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला स्थिरावला. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियाच्याच किनाऱ्यावर असिलोमार इथे आनुवंशिकीवाले आणि परिसरवाले एकत्र बसले. अर्न्स्ट मायर, वॉडिंग्टन, लेवोंटिन अशी मंडळी त्यात होती. त्या परिषदेचे पुस्तक १९६५ मध्ये बेकर आणि स्टेबिन्स यांनी संपादित केले. त्यात बेकर यांनी तण असलेल्या आणि तण नसलेल्या जवळच्या नात्यातल्या जाती शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या. त्यांतली एक आपल्या बांधावरची ओसाडी. तिची एक चुलत बहीण स्वतःच्याच मुलखात गुपचूप राहते आणि ओसाडी मात्र निम्मे जग फिरून आलेली. दोघींत फरक काय, तर फुलायची घाई, स्वतःच्या परागावर बी धरण्याची क्षमता आणि कसल्याही हवेत जुळवून घेणे.

यातूनच ‘आदर्श तणा’ची यादी निघाली आणि १९७४ मध्ये ती बारा कलमांची झाली. त्यांतली काही अशी. अनेक प्रकारच्या परिस्थितीत उगवणारे बी. सगळे बी एकदम न उगवता टप्प्याटप्प्याने, वर्षानुवर्षे उगवणे. लवकर फूल. परिस्थिती साथ देईल तोवर बी धरत राहणे. जोडीदाराविना भागणे, पण कायम एकट्यावरच विसंबून न राहणे. परागासाठी ठरावीक कीटकाची गरज नसणे. बी जवळही पडावे आणि दूरही जावे. बहुवर्षायू असेल तर तुकड्यातून पुन्हा फुटणे, आणि उपटायला गेले की मोडणे पण मुळासकट न निघणे. या मोडण्याच्या कलमावरून बेकर यांनी स्वतः बरेच तण उपटले असावे अशी माझी खात्री आहे.

गाजर गवताला ही यादी लावून पाहा. उगवल्यावर महिन्याभरात फूल, एका रोपाला पंधरा ते पंचवीस हजार बिया, सुरुवातीला जमिनीवर पसरून शेजाऱ्याची जागा अडवणारी पाने, वर शेजाऱ्याला दडपणारी पार्थेनिनसारखी रसायने. बहुवर्षायू झाडांची दोन कलमे सोडली तर ते जवळजवळ सगळ्या परीक्षा पास होते. पण जलपर्णीला हीच यादी लावली की गाडी अडते. तिचा विस्तार मुख्यतः आडव्या धावत्या फांद्यांना फुटणाऱ्या पिल्लांवर चालतो आणि बियांची बहुतेक कलमे तिच्या यशाला गौण ठरतात. उलट, यादीतले अर्धे गुण असूनही कुठेही न पसरणाऱ्या वनस्पती ढीगभर सापडतात. यादी पत्रिकेसारखी वापरली की ती पत्रिकेइतकीच खरी ठरते.

तिला शिस्त लावली ती पाइनच्या झाडांनी. रेय्मानेक आणि रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये २४ जातींचे पाइन तपासले. दक्षिण आफ्रिकेच्या डोंगरांत लागवडीतून निसटलेल्या पाइननी तोवर उच्छाद मांडला होता. आक्रमक आणि निरुपद्रवी जाती वेगळ्या करायला त्यांना तीनच मोजमापे पुरली: हलके बी, लवकर वयात येणे आणि भरघोस बीच्या दोन वर्षांमधले कमी अंतर. हे जमले, कारण सगळी एकाच प्रजातीतली झाडे होती. यादी छोट्या कुटुंबात चालते, सगळ्या जगाला एकदम लावली की पातळ होते, हे माझ्या मते या सगळ्या इतिहासातले सर्वांत उपयोगी शहाणपण आहे.

ऑस्ट्रेलियाने १९९७ पासून बाहेरून येणाऱ्या वनस्पतीला ४९ प्रश्न विचारायला सुरुवात केली. गुण सहाच्या वर गेले की प्रवेश बंद. गंमत अशी की, या प्रश्नावलीत सर्वांत जास्त वजन एका साध्या चौकशीला मिळते: ही वनस्पती दुसरीकडे कुठे तण झाली आहे का? मोजमापांपेक्षा पोलिसांतली जुनी नोंद जास्त बोलते.

पुढे मोजमापांचे भांडवल मात्र अफाट वाढले. २००४ मध्ये १७५ ठिकाणच्या २,५४८ जातींची पाने एकत्र तपासली गेली आणि पानांचा एक सलग पट समोर आला. एका टोकाला स्वस्तात बनणारी, नत्राने भरलेली, झटपट कमावून लवकर गळणारी पाने, तर दुसऱ्या टोकाला जाड, महाग, वर्षानुवर्षे टिकणारी. २००७ मध्ये जर्मनीत येना इथून ‘ट्राय’ हा वनस्पतींच्या गुणधर्मांचा जागतिक संग्रह सुरू झाला. २०१० मध्ये फान क्लूनेन आणि सहकाऱ्यांनी ११७ अभ्यास एकत्र केले, तेव्हा आक्रमक जाती वाढ, आकार आणि पानांचे काम यांत सरासरीने वरचढ निघाल्या. म्हणजे उधळ्या, घाईच्या टोकाकडच्या. पण फंक आणि व्हिटोसेक यांनी २००७ मध्ये हवाई बेटांवर दाखवले होते की, पाणी, उजेड किंवा नत्र तुटपुंजे असलेल्या जागीही परक्या जाती मिळेल तेवढे स्थानिकांइतक्याच, कधी अधिक काटकसरीने वापरतात. तिथल्याच कोवळ्या लाव्ह्यावर मिरिका फाया या परक्या झाडाने हवेतला नत्र जमिनीत आणून मातीच बदलून टाकली. स्थानिक झाडांत ते काम करणारे कोणी नव्हते, म्हणून एकच गुण सगळ्यांवर भारी पडला. टेकड्यांवर हौसेने गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावणाऱ्यांनी ही गोष्ट वाचायला हवी. ती दोन्ही झाडेही नत्र बांधतात.

शेजारी कोण आहे यावर गुणाची किंमत ठरते, हे कळल्यावर प्रतिबंधाचा विचार बदलला. आक्रमकासारखेच, त्याच वेळी उगवून तीच जागा घेणारे स्थानिक लावा, हा सल्ला २००८ मध्ये शास्त्रीय भाषेत आला. गाजर गवतावर उतारा म्हणून तरोट्याचे बी फेकायचे हे आपल्याकडे त्याआधीच चालू होते. पावसाबरोबर दाट उगवणारा तरोटा गाजर गवताला जागाच देत नाही. एक खोट अशी की, या कामात गाजलेला एकफुली तरोटाही अमेरिकेतलाच आहे, आणि त्याने आता स्वतःची राने उभी केली आहेत. १९८३ मध्ये मेक्सिकोहून आणून पुढच्या वर्षी बंगळूरला सोडलेला झायगोग्रामा भुंगा गाजर गवताची पाने चांगली खातो, पण पावसाळ्यापुरता.

घाणेरी या आणखी एका आक्रमक झुडपाच्या बाबतीत गुणधर्माचा सर्वांत नेमका उपयोग कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात झाला. सी. आर. बाबू आणि सहकाऱ्यांनी पाहिले की, तोडलेली घाणेरी पुन्हा फुटते ती खोड आणि मूळ जोडणाऱ्या छोट्या पट्ट्यातून. त्याखालच्या मुळाला कोंब येत नाहीत. म्हणून त्यांनी कुदळीने मातीत त्या पट्ट्याखाली मुख्य मूळ तोडले आणि झुडूप उलटे करून ठेवले. बी पक्ष्यांच्या विष्ठेतून पसरते, त्यामुळे पक्षी बसतात त्या झाडांखालची रोपे वेगळी शोधून काढली. मोकळ्या जागेत स्थानिक गवते लावली. ना विष, ना यंत्र, ना भुंगा.

आपल्याकडे मात्र दर पावसाळ्यात टेकडी साफ करणारे उत्साही लोक घाणेरी जमिनीच्या वर सपासप छाटतात आणि दोन महिन्यांनी ती अधिक दाट होऊन उभी राहते. यंदा श्रमदानाला जाणार असाल तर कोयता घरी ठेवा आणि कुदळ घेऊन जा, तेही फळे काळी पडायच्या आत.