काळ्या कातळातला आपला वारसा

आपल्या विभागातील कितीतरी बौद्ध कुटुंबे मूळची रत्नागिरी जिल्ह्यातली. मे महिन्यात एस.टी.ने गावी जायचे, पोराबाळांना समुद्र दाखवायचा, आंबे-फणस बांधून परत यायचे. पण ज्या कातळावर आपली गावे वसली, त्याच कातळात भगवान बुद्धांच्या धम्माची निशाणी कोरलेली आहे, हे किती घरांत ठाऊक आहे? म्हणून हा लेखनप्रपंच.

शास्त्रज्ञ सांगतात की, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हारस थरावर थर पसरला व थंड झाला. तोच हा काळा कातळ. वरचा तांबडा जांभा म्हणजे तोच दगड, लाखो वर्षांच्या ऊन-पावसाने कुजलेला. जांभा घराच्या चिऱ्याला बरा, पण बारीक कोरीवकाम त्यात टिकत नाही. काळा दगड कोरायला कठीण, मात्र एकदा कोरला की शतकानुशतके उभा राहतो.

अशा काळ्या दगडात, दापोली तालुक्यात कोटजाई नदीकाठी, पन्हाळेकाजीची २९ लेणी आहेत. १९७० नंतर पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे यांनी त्यांचा कसून अभ्यास केला. गावाचे जुने नाव प्रणालक. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास इथे पहिले भिक्खू राहिले. (पुस्तकांत त्यांना हीनयान म्हणतात, तो शब्द आम्हाला रुचत नाही.) कोकणातला चार महिन्यांचा धो-धो पाऊस डोळ्यांपुढे आणा, म्हणजे वर्षावासाला दगडी निवारा का लागला हे वेगळे सांगायला नको. पुढे दहाव्या-अकराव्या शतकात वज्रयानी भिक्खू आले. अक्षोभ्य, महाचंडरोषण यांच्या मूर्ती त्यांच्या काळातल्या. त्यानंतर तिथे शिवलिंग आले, गणपती आला, शेवटी नाथपंथी आले. तेव्हा सगळेच आपले म्हणायची घाई आपण करू नये. जे आहे ते पुराव्याने सांगावे, तेच पुष्कळ आहे. पण कुठलेही लेणे दिसले की "पांडवांनी एका रात्रीत कोरलं" असे जे सांगतात, त्यांना जरूर विचारावे की, बाबांनो, पांडवांना एवढी घाई कसली होती? आणि आपल्या पोरांना बजावावे, लेण्याच्या भिंतीवर कोळशाने नावे लिहायची नाहीत.

खेड शहरातही छोटी बौद्ध लेणी आहेत. जाता-येता बघण्यासारखी.

रत्नागिरी शहरात थिबा पॅलेस आहे. लोक फोटो काढून निघून येतात. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, धम्माने बौद्ध. इंग्रजांनी १८८५ साली त्याचे राज्य घेतले आणि १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीत आणून ठेवले. राजवाडा झाला १९१० साली. सहा वर्षांनी, डिसेंबर १९१६ मध्ये, राजा इथेच वारला. त्याची समाधी शहरातच आहे. २०१२ साली ब्रह्मदेशाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम तिथे येऊन गेले. तीस वर्षे एक बौद्ध राजा आपल्या जिल्ह्यात कैदेत होता, आणि त्या वेळी आपले आजे-पणजे खोताच्या जमिनीत राबत होते. त्या खोतीविरुद्धचे बिल परमपूज्य बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडले, हे आपल्यातले म्हातारे अजून अभिमानाने सांगतात.

बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड. तिथे आपली माणसे जातात. वणंदला मात्र तितकी जात नाहीत. दापोलीजवळचे हे गाव माता रमाईंचे माहेर. १८९८ साली त्यांचा जन्म झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे, त्यावर घर चालायचे. पन्हाळेकाजीला निघालात तर वाट वाकडी करून आधी वणंदला जा, आणि वेळ उरला तर दाभोळचे बंदरही बघून या.