हौशी रंगकर्मी आणि प्रबोधनकालीन नाटक : नॉरिच येथील मॅडरमार्केट रंगगृहाचा ऐतिहासिक परामर्श

प्रस्तावना

इंग्लंडमधील प्रबोधनकालीन नाटकाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष साहजिकच लंडनकडे वळते. परंतु हे नाटक त्याच्या मूळ धर्तीच्या रंगमंचावर कायमस्वरूपी उभे करण्याचा विसाव्या शतकातील महत्त्वाचा आरंभीचा प्रयोग लंडनबाहेर, पूर्व इंग्लंडमधील नॉरिच शहरात झाला. तो करणारे व्यावसायिक नट नव्हते. दिवसभर आपापला कामधंदा सांभाळून सायंकाळी तालमीला येणारे ते स्थानिक स्त्रीपुरुष होते. ‘नॉरिच प्लेअर्स’ या त्यांच्या मंडळीच्या कार्याचा आढावा घेऊन, हौशीपणा ही तिची मर्यादा होती की सामर्थ्य, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी

शेक्सपिअर (१५६४–१६१६) व त्याचे समकालीन नाटककार ज्या रंगमंचासाठी लिहीत होते, त्याला दर्शनी पडदा नव्हता आणि चितारलेले देखावेही नव्हते. रंगमंचाचा पुढचा भाग प्रेक्षकांत शिरलेला असे. अरण्य, राजवाडा किंवा रणभूमी शब्दांतून निर्माण होई. एकोणिसाव्या शतकात ही परंपरा पूर्णपणे लोपली. हेन्री आयर्व्हिंग आणि बिअरबोम ट्री यांच्या प्रयोगांत भव्य नेपथ्याला अग्रस्थान मिळाले. ट्री यांनी तर ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मधील अरण्यात जिवंत ससे सोडले होते. देखावे बदलण्यात वेळ जाई आणि त्याची भरपाई संहितेला कात्री लावून केली जाई.

या प्रघाताविरुद्ध विल्यम पोएल (१८५२–१९३४) उभे राहिले. १८८१ साली त्यांनी ‘हॅम्लेट’ची पहिली मुद्रित संहिता जवळजवळ उघड्या मंचावर सादर केली आणि पुढे ‘एलिझाबेथन स्टेज सोसायटी’ स्थापन केली. याच संस्थेने १८९९ साली लंडनमध्ये कालिदासाचे ‘शाकुंतल’ सादर केले, ही गोष्ट भारतीय अभ्यासकांनी विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. स्थळकाळ वाणीतून व अभिनयातून उभा करण्याची रीत संस्कृत रंगभूमीलाही अपरिचित नव्हती. मात्र पोएल यांना स्वतःचे कायमचे रंगगृह कधीच लाभले नाही. ती उणीव त्यांच्या हाताखाली काम केलेल्या नुजंट मंक (मृ. १९५८) यांनी भरून काढली.

मंक आणि नॉरिच प्लेअर्स

मंक यांनी १९११ साली नॉरिचमध्ये हौशी कलावंतांची ही मंडळी स्थापन केली. त्याच सुमारास कवी डब्ल्यू. बी. येट्स यांच्या निमंत्रणावरून ते डब्लिनला गेले. अॅबी थिएटरची मुख्य मंडळी अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना तेथील तरुणांना अभिनयाचे शिक्षण देण्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. या नवशिक्यांकडून त्यांनी मध्ययुगीन व ट्यूडरकालीन छोटी नाटके करून घेतली. जुने नाटक हे नव्या नटाला घडविण्याचे साधन होऊ शकते, ही त्यांच्या पुढील कार्यातील दृष्टी येथेच स्पष्ट दिसते.

पहिल्या महायुद्धामुळे खंडित झालेले नॉरिचमधील काम १९१९ साली पुन्हा सुरू झाले. त्यानंतर १७९४ साली बांधलेली एक जुनी कॅथलिक प्रार्थनावास्तू मिळवून तिचे एलिझाबेथकालीन पद्धतीच्या रंगगृहात रूपांतर करण्यात आले. २३ सप्टेंबर १९२१ रोजी ‘अॅज यू लाइक इट’च्या प्रयोगाने मॅडरमार्केट रंगगृह खुले झाले. या नावात शहराच्या वस्त्रोद्योगाची स्मृती आहे. मॅडर म्हणजे मंजिष्ठा, कापड तांबडे रंगविण्याची वनस्पती. तिचा बाजार या भागात भरत असे. शेक्सपिअरच्या मंडळीतील विनोदी नट विल केम्प १६०० साली लंडनहून नाचत नॉरिचला आला आणि याच परिसरातील सेंट जॉन चर्चच्या आवाराची भिंत त्याने उडी मारून ओलांडली, असा त्याचा स्वतःचा वृत्तान्त आहे.

कार्यपद्धती

मंडळीतील नटांना मानधन नव्हते आणि कार्यक्रमपत्रिकेत त्यांची नावेही छापली जात नसत. पद्य स्पष्ट व वेगाने बोलणे आणि एका प्रवेशातून दुसऱ्यात न थांबता जाणे, यांवर मंक यांचा भर होता. हंगामात साधारणपणे दरमहा एक नवे नाटक उभे राही. तालमी हेच तेथील विद्यालय होते. १९३३ पर्यंत शेक्सपिअरची मानली जाणारी सर्व ३७ नाटके मंक यांनी रंगमंचावर आणली. व्यावसायिक रंगभूमीने सहसा दूर ठेवलेल्या ‘पेरिक्लिस’सारख्या नाटकांचाही त्यांत समावेश होता. मोठे नेपथ्य नसल्याने खर्च कमी होता आणि नामवंत नटाच्या आकर्षणावर तिकीटविक्री अवलंबून नव्हती. त्यामुळे धंद्याच्या दृष्टीने अशक्य ठरणारी निवड या मंडळीला शक्य झाली.

मर्यादा

या प्रयोगाचे मूल्यमापन करताना त्याच्या उणिवांकडे दुर्लक्ष करता येत नाही. मॅडरमार्केट ही शेक्सपिअरकालीन खुल्या रंगगृहाची हुबेहूब प्रतिकृती नव्हती. छप्पर असलेल्या जुन्या वास्तूशी केलेली ती तडजोड होती. मंडळीची सूत्रे दीर्घकाळ एकाच व्यक्तीच्या हाती राहिली. नटांच्या अनामिकतेमुळे मंडळीत समता आली, पण त्यांच्या श्रमांची नोंद इतिहासात पुसट झाली. शिवाय गतीच्या आग्रहापोटी मंक स्वतःही संहितेत काटछाट करीत. १९४७ साली स्ट्रॅटफर्ड येथे त्यांनी ‘पेरिक्लिस’ दिग्दर्शित केले, तेव्हा पहिला अंक पूर्णपणे वगळला होता. देखाव्यांसाठी संहितेचा बळी देण्याविरुद्ध सुरू झालेल्या चळवळीचा वारसदार वेगासाठी तेच करीत होता, ही विसंगती बोलकी आहे.

निष्कर्ष

लंडनमधील ग्लोब रंगगृहाची पुनर्रचना १९९७ साली प्रेक्षकांसाठी खुली झाली. त्याआधी ७६ वर्षे नॉरिचमधील हौशी नटांनी पोएल यांच्या सिद्धान्ताची दीर्घकाळ प्रत्यक्ष कसोटी घेतली होती. उघड्या मंचावर ही नाटके अपुरी वाटत नाहीत, हे त्यांनी वादविवादाने नव्हे तर प्रयोगांनी दाखविले. व्यवसायाच्या बंधनातून मिळालेली मोकळीक हे त्यांचे सामर्थ्य होते. एकाच मार्गदर्शकावरील अवलंबित्व ही त्याची किंमत होती. २०२१ साली या रंगगृहाला १०० वर्षे पूर्ण झाली. नाट्येतिहासाची साधने ग्रंथालयाप्रमाणेच सायंकाळच्या तालमीतही सापडतात, हे या शतकाच्या वाटचालीवरून दिसून येते. अभिजात नाटक केवळ पाठ्यपुस्तकातून शिकविले जाते, तेथे या अनुभवाची दखल घेणे अगत्याचे ठरते.