अस्लान आणि कार्ल्याचा सिंह

आजच्या भागात एकच प्रश्न: मुलांच्या गोष्टीत धर्म दडलेला असेल, तर ती गोष्ट त्यांच्या हातात द्यायची का?

नार्निया आठवतंय? सी. एस. लुईसची सात पुस्तकं, 1950 ते 1956. अस्लान नावाचा सिंह एका मुलाच्या गुन्ह्यापायी स्वतः मरतो आणि पुन्हा उठतो. ही सरळ येशूची कथा. पण लुईसनेच सांगून ठेवलंय की सुरुवात धर्मापासून झालीच नाही. सोळाव्या वर्षापासून त्याच्या डोक्यात एक चित्र होतं: बर्फात छत्री घेऊन चाललेला, अर्धा माणूस अर्धा बोकड असा प्राणी. सिंह नंतर आला.

मराठीला हे नवीन नाही. फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' 1616 सालचं, तेही चक्क ओवीत! जॉन बनियनच्या 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'चा हरी केशवजींनी केलेला अनुवाद, 'यात्रिकक्रमण', 1841 सालचा. बनियनने लिहिलं मोठ्यांसाठी, उपदेश म्हणून. मुलांनी त्यातून उचललं काय? दलदल, राक्षस आणि किल्ला. 'लिटल विमेन'मधल्या बहिणी तर हाच प्रवास तळघरापासून गच्चीपर्यंत खेळायच्या.

आणि आपले रेव्हरंड टिळक. 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईसुद्धा काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. इतकी मोठी किंमत. तरी पुढे लोकांनी त्यांना 'फुलामुलांचे कवी' म्हटलं. 'केवढे हे क्रौर्य' वाचताना कवीचा धर्म विचारून कुणी हळवं झालं नाही. पाखरू मरतंय, एवढं पुरेसं होतं.

म्हणून मला वाटतं, मुलांच्या बाबतीत चित्र आधी पोचतं, अर्थ मागून येतो. पटत नसेल तर आपल्या मावळातच बघा. कार्ल्याला बौद्ध चैत्यगृह, त्याच्या दारातच एकवीरा आई आणि शेजारी दगडी सिंहांचा स्तंभ. पायऱ्या चढून दमलेलं पोर आधी सिंहांकडे बघतं. हे कुणाचे, कशाला, हे नंतर विचारतं.

तेव्हा गोष्ट द्या, बिनधास्त द्या. फक्त उद्या पोराने विचारलं, "अस्लान म्हणजे येशू का?", तर विषय बदलू नका. हो म्हणा. लपवाछपवीने मुलांचा विश्वास जातो, गोष्टीने नाही.

भेटू पुढच्या भागात!