जुन्या मोटारीच्या गंजलेल्या ब्रेक नळ्या : ओळख, बदल आणि दक्षता

मोटारीचा पत्रा गंजला की तो डोळ्यांना दिसतो, मन खट्टू होते आणि मालक गॅरेज गाठतो. ब्रेकच्या नळ्यांचे तसे नाही. गाडीच्या पोटाखाली, चिखलमातीच्या थराआड त्या वर्षानुवर्षे मुकाट्याने झिजत राहतात आणि एके दिवशी, बहुधा ब्रेक जोराने दाबल्याच्या क्षणी, फुटतात. खारा वारा, दमट हवा आणि जून ते सप्टेंबर अखंड कोसळणारा पाऊस लाभलेल्या गोव्यात दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या प्रत्येक गाडीच्या बाबतीत हा विषय महत्त्वाचा ठरतो. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी संपते व तपासणीनंतर ५ वर्षांसाठी तिचे नूतनीकरण होते. त्या वेळी तरी गाडीच्या पोटाखालची ही बाजू काळजीपूर्वक पाहून घ्यावी.

नळीचे कार्य

पायाखालची पट्टी दाबली की मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइलवर दाब येतो आणि तो नळ्यांमधून चारही चाकांपर्यंत पोहोचतो. जोराने ब्रेक लावताना हा दाब ७० ते १०० बारपर्यंत जाऊ शकतो. टायरमधील हवेचा दाब जेमतेम दोन बार असतो, हे लक्षात घेतले म्हणजे नळीवरच्या ताणाची कल्पना येते. हा ताण सोसणारी पोलादी नळी सुमारे ४.७५ मिलिमीटर जाडीची असून तिची भिंत एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. तिच्यावरील संरक्षक थर एकदा खरवडला गेला की गंज उरलेल्या धातूला फार अवधी देत नाही.

गंज कोठे धरतो?

नळी ज्या क्लिपांनी गाडीच्या तळाशी जखडलेली असते, तेथे ओली माती अडकून राहते. सर्वांत आधी गंज धरतो तो याच जागी. मागील अॅक्सलवरचा भाग, इंधन टाकीच्या वरून जाणारा तुकडा आणि चाकांच्या कमानीमागचे जोड या त्यानंतरच्या धोक्याच्या जागा होत. किनाऱ्यालगत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा धोका अधिक. मालक आखातात किंवा जहाजावर नोकरीला असल्याने महिनोन्‌महिने जागेवरच थांबलेली गाडी कमी चालली म्हणून सुरक्षित असेल, असे समजू नये.

पृष्ठभागावरील तांबूस छटा ही चिंतेची बाब नव्हे. मात्र नळी फुगलेली, पापुद्रे सुटलेली वा खड्डे पडलेली दिसली, तर ती बदलावीच लागते. पॉलिश पेपरने घासून वर रंग लावणे हा उपाय नव्हे. त्यामुळे उरलीसुरली भिंत आणखी पातळ होते. टाकीतील ऑइलची पातळी पुन्हा पुन्हा खाली जाणे, ब्रेकचा इशारा-दिवा लागणे, चाकाच्या आतल्या बाजूस ओल दिसणे आणि इंजिन चालू ठेवून पट्टी अर्धा मिनिट दाबून धरली असता ती हळूहळू खाली जाणे, ही गळतीची लक्षणे होत. शेवटचे लक्षण मास्टर सिलिंडर आतून झिजल्याचेही असू शकते.

कोणती नळी निवडावी?

कंपनीची तयार पोलादी नळी मिळाल्यास ती बसवण्यास सोपी पडते. सुमारे दहा टक्के निकेल असलेल्या तांबे-निकेल मिश्रधातूची नळी गंजाला दाद देत नाही, हाताने वळते आणि किनारी प्रदेशात अधिक टिकते. निव्वळ तांब्याची नळी मात्र कंपनांनी कडक होऊन तडकू शकते, म्हणून ती टाळावी. खराब तुकडा कापून तेथे रबरी नळी व क्लिपा अडकवणे हा तर सरळसरळ जिवाशी खेळ आहे.

एक नळी सडली असेल, तर त्याच वयाच्या इतर नळ्याही त्याच वाटेवर असतात. त्यामुळे शक्यतो संपूर्ण संच आणि चाकांजवळच्या रबरी होज एकाच वेळी बदलाव्यात.

बदलण्याची पद्धत

गाडी सपाट जागी, भक्कम स्टँडवर उभी करावी. केवळ जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. गंजलेल्या नटांवर गंज सोडवणारे तेल आदल्या दिवशीच सोडावे व साध्या पान्याऐवजी फ्लेअर नटचा खास पाना वापरावा, म्हणजे नटाचे कोपरे झिजत नाहीत.

जुन्या नळीच्या वळणांवरून दोरी फिरवून लांबी मोजावी. नवी नळी करवतीने न कापता ट्यूब कटरने कापावी, कडेचे कंगोरे काढावेत आणि आतला कीस झटकावा. टोकाला फ्लेअर पाडण्याआधी नट नळीत ओवलेला असावा. ही साधी गोष्ट विसरल्याने मुरलेल्या कारागिरालाही काम पुन्हा करावे लागते. फ्लेअर दुहेरीच हवा. त्याचे दोन प्रमुख प्रकार आहेत. एकात तोंड फुलासारखे आत दुमडलेले असते, दुसऱ्यात ते बुडबुड्यासारखे फुगीर असते. मूळ जोडात जो प्रकार असेल तोच करावा, अन्यथा नट कितीही आवळला तरी गळती थांबत नाही. नळी मूळ मार्गानेच न्यावी. ती सायलेन्सरच्या पाइपपासून आणि हलत्या भागांपासून दूर राहील व प्रत्येक क्लिप जागेवर बसेल, हे पाहावे.

हवा काढणे

नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पट्टी स्पंजासारखी मऊ लागते. म्हणून एकाने पट्टी दाबून धरावी, दुसऱ्याने चाकाजवळचा निप्पल किंचित सैल करून हवा जाऊ द्यावी आणि निप्पल बंद झाल्यावरच पट्टी सोडावी. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावा व टाकी कधीही रिकामी होऊ देऊ नये. एबीएस असलेल्या काही गाड्यांत या कामासाठी विशेष उपकरण लागते.

ऑइल झाकणावर लिहिलेल्या दर्जाचे, सीलबंद डब्यातील असावे. डॉट ३ व डॉट ४ ऑइल हवेतील ओलावा शोषते. कोरडे डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरल्यावर मात्र ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत घसरू शकते. चोर्ला वा अनमोड घाट उतरताना तापलेल्या ब्रेकना हा फरक जाणवतो. काढलेले ऑइल पुन्हा वापरू नये, गटारात वा विहिरीजवळ ओतू नये. ते रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

काम संपल्यावर पट्टी जोराने दाबून प्रत्येक जोड कोरडा असल्याची खात्री करावी आणि पहिली चाचणी मोकळ्या जागी, अगदी कमी वेगात घ्यावी. फ्लेअर पाडण्याचा सराव नसेल, तर हे काम जाणत्या मेकॅनिककडेच सोपवावे.

वाटेत नळी फुटल्यास

बहुतेक गाड्यांत ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक फुटला तरी दुसरा काम करतो, पण पट्टी खोल जाते आणि गाडी थांबण्यास बरेच जास्त अंतर लागते. अशा वेळी पट्टी भराभर दाबावी, गिअर क्रमाने खाली आणावा व हँडब्रेक हळूहळू ओढावा. तो तारेवर चालतो, ऑइलवर नव्हे. गाडी धावत असताना इंजिन बंद करू नये. थांबल्यानंतर ती चालवत घरी नेण्याचा मोह टाळून टो करूनच न्यावी.