हिंगणा परिसरातील तलावांचे ऋतुमान आणि प्राणिप्लवकांच्या अभ्यासाचा आरंभ

हिंगणा तालुक्यातील टाकळघाट हे गाव पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना तेथील शिळावर्तुळांमुळे परिचित आहे. परंतु गोड्या पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांच्या अभ्यासाचा इतिहास लिहितानाही या गावाचा उल्लेख टाळता येत नाही. हा अभ्यास नागपूर प्रांतात ज्यांच्या संग्रहामुळे सुरू झाला, ते स्कॉटिश मिशनरी व भूगर्भशास्त्रज्ञ स्टीफन हिस्लॉप 4 सप्टेंबर 1863 रोजी ही वर्तुळे पाहून परतत असताना पूर आलेल्या नाल्यात बुडून मरण पावले.

1845 पासून नागपुरात राहिलेल्या हिस्लॉप यांनी खडकांतील जीवाश्मांबरोबर तळ्या-डबक्यांतील जिवंत प्राणीही जमवले, आणि त्या नमुन्यांवरून ब्रिटिश म्युझियममधील विल्यम बेअर्ड यांनी 1859 मध्ये नागपूरच्या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या जीवसमूहासाठी ‘प्लँक्टन’ ही संज्ञा व्हिक्टर हेन्सेन यांनी 1887 मध्ये रूढ केली, म्हणजे नागपूरचे हे काम त्या संज्ञेहून 28 वर्षांनी जुने आहे. बेअर्ड यांनी वर्णिलेल्या प्राण्यांपैकी एक आज ‘सायक्लेस्थेरिया हिस्लॉपी’ या नावाने ओळखला जातो. काही मिलिमीटर लांबीच्या या प्राण्याचे शरीर दोन पारदर्शक, गोलसर झडपांत बंद असते. मादी अंडी झडपांखाली पाठीवर बाळगते आणि पिल्ले तेथूनच प्रौढांसारखी घडून बाहेर पडतात. तलावातील प्राणिप्लवकांत, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांत, ज्यांना जलपिसवा म्हणतात त्यांचा हा सर्वांत जवळचा हयात नातलग असल्याचे पुढे जनुकीय अभ्यासातून दिसून आले, ही हिस्लॉप यांच्या संग्रहाची मोठीच फलश्रुती होय.

या प्राण्यांच्या संख्येतील ऋतुबदल समजण्यास मात्र एका अभियंत्याचे काम उपयोगी पडते. नागपूरच्या पाणीपुरवठ्याची उभारणी करणारे अलेक्झांडर बिनी यांनी 1869 ते 1872 या काळात नागपूरजवळच्या सुमारे 16 चौरस किलोमीटरच्या पाणलोटात पाऊस आणि वाहून आलेले पाणी यांची मोजणी केली. त्यांच्या कोष्टकानुसार वार्षिक पाऊस 500 मिलिमीटर असेल तर त्यातील सुमारे 15 टक्के, आणि 1000 मिलिमीटर असेल तर सुमारे 38 टक्के पाणी वाहून येते. कारण मृगाचा पाऊस भेगाळलेली काळी जमीन पिऊन टाकते आणि ती तृप्त झाल्यावरच ओढे वाहू लागतात. त्यामुळे तलावात गढूळ लोंढा येतो तो बहुधा आषाढ-श्रावणात, आणि प्राणिप्लवकांची संख्या ओसरते तीही तेव्हाच; पाणी वाढल्याने ते विरळ होतात, सांडव्यावरून वाहून जातात, तर गाळामुळे प्रकाश अडून त्यांचे अन्न असलेली सूक्ष्म शैवले मंदावतात.

पावसाळ्यानंतर पाणी निवळले की शैवलांबरोबर जलपिसवा व कोपेपोड, म्हणजे वल्ह्यासारख्या पायांनी पोहणारे कवचधारी, पुन्हा वाढू लागतात. उन्हाळ्यात पाणी आटून पोषकद्रव्ये एकवटली म्हणजे डोक्यावरील केसांच्या चक्राने अन्न ओढणारे रोटिफर बहुतेक तलावांत प्रबळ होतात. तळ कोरडा पडला तरी जलपिसवांची जाड, काळसर आवरणातली विश्रामी अंडी भेगाळलेल्या चिखलात तग धरून पुढच्या पाण्याची वाट पाहतात.

हे चक्र माणसालाही भोवले आहे. नारूच्या जंतूचे वहन करणारा सायक्लॉप्स हा कोपेपोडच असून, हा संबंध फेडचेन्को यांनी 1870 मध्ये दाखवला. उन्हाळ्यात आटलेल्या विहिरी-तळ्यांत तो दाटीने जमत असल्याने तेच पाणी अधिक घातक ठरे. भारत नारूमुक्त झाल्याचे 2000 मध्ये जाहीर झाले.

हिंगणा तालुक्यातील झिलपीसारख्या तलावांच्या अभ्यासकांनी म्हणूनच जाळे बाराही महिने टाकले पाहिजे. पावसाळा अडचणीचा म्हणून वगळून काढलेली सरासरी या प्रदेशाच्या तलावांना लागू पडत नाही.