खाटेखालच्या तीन विटा

आमच्या वॉर्डात दाराआड विटांची चळत कायम असायची. 1978 साली वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले. इंजेक्शनाच्या आधी शिकले ते विटा लावायला. मोठ्या इस्पितळात त्यासाठी लाकडी ठोकळे असत. आमच्याकडे भट्टीच्या विटा, जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या. बाळंतिणीचं रक्त जास्त गेलं, की खाट पायथ्याकडून उचलायची. मांडीचं हाड मोडून वजन लावलेला माणूस असला तरी पायथाच वर, नाहीतर ते वजन त्यालाच खाली ओढत नेतं. डोक्याला मार असला तर उलट, उशाकडून वर. राऊंडला डॉक्टरांनी "सिस्टर, फूट एंड!" म्हटलं की आम्ही दोघी-तिघी वाकायचो. माझ्या कमरेचं दुखणं तिथलंच.

ही रीत काही आमची नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ट्रेंडेलेनबुर्ग नावाच्या जर्मन सर्जनने पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी रोग्याचं डोकं खाली केलं. पहिल्या महायुद्धात त्याच पद्धतीने रक्तदाब कोसळलेल्या जखमी शिपायांवर इलाज होऊ लागले. पुढे तपासून पाहिलं तेव्हा फायदा थोडा आणि थोडाच वेळ टिकणारा निघाला. पण अंगवळणी पडलेलं काम कोण सोडतं? आम्ही विटा लावतच राहिलो.

एकदा देवळीकडच्या एका बाईने मला धरलं. "माह्या माणसाचं डोस्कं खाली काहून केलं व बाई?"

"रक्त डोक्याकडं जावं म्हणून."

"अन् मंग लय गेलं तं?"

मी तिला चहा प्यायला पाठवलं. उत्तर मला ठाऊक नव्हतं.

तिचाच प्रश्न अंतराळवीरांच्या डॉक्टरांना पडलेला होता, हे मला निवृत्तीनंतर कळलं. 1970 च्या सुमारास परतलेले सोव्हिएत अंतराळवीर तक्रार करू लागले, की सपाट पलंगावर झोपलं तरी पायाकडे घसरल्यासारखं वाटतं. म्हणून पलंगाचा पायथा उचलला, तेव्हा त्यांना बरं वाटलं. त्यातून जमिनीवरच वजनरहित अवस्थेची नक्कल करायची युक्ती निघाली: माणसाला सहा अंश डोकं खाली करून आठवडेच्या आठवडे निजवायचं. मी टेप घेऊन हिशेब केला. साडेसहा फुटी खाटेला सहा अंशांसाठी पायथा सुमारे एकवीस सेंटिमीटर उचलावा लागतो. आमची वीट तीन इंच जाड. म्हणजे आडव्या तीन विटा, किंचित जास्तच!

जर्मनीत कोलोनला 2017 साली अकरा जणांना तीस दिवस असं निजवलं. जेवण, आंघोळ, शौच सगळं त्याच अवस्थेत, आणि उशी नाही. (उशीशिवाय महिनाभर! आमच्या रोग्यांनी दुसऱ्याच दिवशी डॉक्टर बदलला असता.) खोलीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइडही मुद्दाम वाढवलेला होता. पाच जणांच्या डोळ्यांमागे, मज्जातंतूच्या मुळाशी सूज दिसली. लांब मुक्काम करून आलेल्या अंतराळवीरांच्या डोळ्यांतही सूज दिसते. साहजिकच संशय कवटीतल्या दाबावर गेला. अमेरिकेत डलासच्या संशोधकांनी, ज्यांच्या डोक्यात उपचारासाठी आधीच नळी बसवलेली होती अशा आठ जणांना वजनरहित करणाऱ्या विमानात नेलं आणि दाब थेट मोजला. 2017 मध्ये निकाल छापून आला. तिथला दाब जमिनीवर निजलेल्या माणसापेक्षा कमीच होता. पण आपण उठून उभे राहिलो की तो जसा उतरतो, तसा तिथे उतरत नाही. डोक्याला दिवसातून एकदाही सुटी नाही.

याच डलासात 1966 साली पाच तरुणांना तीन आठवडे नुसतं झोपवलं होतं. त्यांचा दम चौथ्या हिश्श्याहून जास्त घटला. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले, तर तीस वर्षांच्या वयाने जेवढं नेलं त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी नेलं होतं.

हे वाचताना मला सेवाग्राम आठवलं. 1935 च्या डिसेंबरात वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींचा रक्तदाब चढला आणि डॉक्टरांनी त्यांना सक्तीने निजवलं. (रक्तदाब आणि कवटीतला दाब वेगळे, गल्लत नको.) काही महिन्यांनीच, 30 एप्रिल 1936 ला, तो माणूस वर्ध्याहून सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, पायी गेला. विदर्भातला एप्रिल! ऑक्टोबर 1937 मध्ये त्यांचा रक्तदाब 194 वर 130 नोंदला आहे. आज कुणी असा आकडा घेऊन आला तर त्याला स्ट्रेचरवर घेऊ. डोक्यावर मातीची पट्टी ठेवून बसलेले त्यांचे फोटो आहेत. मालिशीचं टेबल आणि न्हाणीचा टब तिथल्या आश्रमात अजून पाहायला मिळतात. मातीने दाब उतरत असेल असं मला नर्स म्हणून वाटत नाही, रक्तदाबावर दिल्या जाणाऱ्या सर्पगंधेचा गुण मात्र मी मानते. पण सकाळ-संध्याकाळची फेरी त्यांनी सोडली नाही, आणि ती सोडवण्याच्या फंदात न पडणारेच डॉक्टर त्यांना लाभले असावेत.

देवळीचा तो माणूस बरा होऊन गेला. पण बाईने तो प्रश्न विचारला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाहिलं, तर पायथ्याखाली दोन्हीकडे दोनदोनच विटा होत्या. उरलेल्या दोन बाईने पदराखाली धरल्या होत्या, आणि माझी नजर चुकवून ती खिडकीबाहेर पाहत होती.